शाल, श्रीफळ आणि गुणपत्रक

दहावीचा निकाल लागला आणि नव्या वर्षाच्या शाळा भरू लागल्या की बेळगाव-निपाणी भागात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. गावची सेवा सोसायटी, पतसंस्था, गणेशोत्सव मंडळ, शाळा सुधारणा समिती, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दहावी झालेल्या एखाद्या वर्गाचे माजी विद्यार्थी असे यजमान पुष्कळ असतात. सरस्वतीच्या प्रतिमेस हार घातला जातो, पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलामुलींना दप्तर किंवा शब्दकोश मिळतो, सेवानिवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या खांद्यावर शाल पडते व हातात श्रीफळ येते. भाषणे लांबतात, मागच्या रांगेतली मुले चुळबुळ करू लागतात, हेही ठरल्यासारखेच. ह्या समारंभांना नावे ठेवण्याची एक सुशिक्षित रीत आहे. पण ती फारशी शहाणपणाची नव्हे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावी झाले, त्या घरातील आईने आपल्या मुलीचे नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. विचार करावयाचा तो एवढाच की, हा गौरव नेमका कशाचा होतो आणि कोणता गुण त्याच्या नजरेतून निसटतो.

शिक्षकाला शाल देण्याची प्रथा मराठी मुलुखाला नवी नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिराव फुले यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. मुलींसाठी शाळा काढल्याबद्दल तो सत्कार होता. त्या सत्कारामागे परीक्षेचा निकाल नव्हता, धाडस होते. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर १८६६पासून मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली, तेव्हा ते साऱ्या परीक्षेतही पहिले आले होते. एका शिष्यवृत्तीच्या नावाभोवती कित्येक मराठी घरांची महत्त्वाकांक्षा पिढ्यान् पिढ्या फिरत राहिली.

ह्याच काळात एक विचित्र पद्धतही रूढ झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना मिळणारे सरकारी अनुदान तपासनिसांच्या परीक्षेत किती मुले उत्तीर्ण झाली ह्यावर ठरत असे. तपासनीस यावयाचा, इयत्तावार मुले उभी करावयाचा, आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने रक्कम मंजूर व्हावयाची. परिणाम ठरलेलाच होता. मास्तर घोकंपट्टीवर भर देऊ लागले, आणि ज्या मुलाकडून उत्पन्न होणार नाही त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही. १९०४च्या शैक्षणिक ठरावानंतर ही रीत मागे पडली. ती कागदावरून गेली. तिचा स्वभाव मात्र पुरता गेला असे म्हणवत नाही.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. तोवर इथल्या मुलांची शालान्त परीक्षा मुंबई राज्याची होती. राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि परीक्षाही बदलली. एस.एस.एल.सी. हे नाव घरोघर झाले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. सीमाभागातील मराठी शाळांच्या संदर्भात ह्या कलमाचा उल्लेख वारंवार होतो, आणि तो अगदी योग्यच आहे.

आज महसुलाच्या दृष्टीने जिल्हा एक असला तरी शिक्षणखात्याच्या दृष्टीने त्याचे दोन तुकडे आहेत. बेळगाव हा एक शैक्षणिक जिल्हा, चिक्कोडी हा दुसरा. खानापूर बेळगावात मोडते, निपाणी चिक्कोडीत. राज्याच्या निकालपत्रकात दोघांचे क्रमांक वेगवेगळे लागतात, आणि कोणता वर गेला व कोणता घसरला ह्याची चर्चा वर्तमानपत्रांत रंगते.

ह्या निकालातील गुणांचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण त्यात सीमाभागातील मुलाचे खरे कर्तृत्व दडलेले आहे. अलीकडच्या वर्षांपर्यंत चालत आलेल्या पद्धतीत एकूण गुण ६२५; पहिल्या भाषेस १२५ आणि उरलेल्या पाच विषयांस प्रत्येकी १००. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी, इंग्रजी व कन्नड अशा तीन भाषांचे मिळून ३२५ गुण मिळवावयाचे असतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. ९० टक्के हवे असतील तर ५६३ गुण लागतात, आणि सहाही विषय हिशेबात धरले जातात. सीमेपलीकडे कागलला किंवा गडहिंग्लजला महाराष्ट्र मंडळाची परीक्षा देणाऱ्या त्याच्या आतेभावाला सहांपैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर टक्केवारी मिळते. एखादा विषय कच्चा निघाला तरी तो झाकला जातो. तेव्हा सणावाराला दोघांची गुणपत्रके शेजारी ठेवून घरातील वडीलमंडळी जी तुलना करतात, ती मुळातच चुकीची असते. घरात मराठी, बाजारात कन्नड, पाठ्यपुस्तकात थोडी वेगळीच मराठी आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी अशा चार पायऱ्या चढून आलेल्या मुलाचे ७० टक्के हे कमी मोलाचे नसतात. गुणगौरवाच्या यादीत मात्र ८५च्या खालचे नाव सहसा येत नाही.

आकड्यांवर किती भिस्त ठेवावी ह्याचा एक धडा कर्नाटकाने अलीकडेच घेतला. २०२३ साली राज्याचा एस.एस.एल.सी.चा निकाल ८३.८९ टक्के लागला होता. २०२४ साली परीक्षागृहांत कॅमेरे लावून थेट देखरेख सुरू झाली आणि निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. तोही कृपागुणांचे प्रमाण त्या वर्षापुरते २० टक्क्यांपर्यंत वाढविल्यानंतर! पुढे त्या कृपागुणांवरही टीका झाली. मुले एका वर्षात एवढी मंद झाली असे कोणी म्हणणार नाही. मग आधीच्या वर्षांत शंभर टक्के निकालाबद्दल ज्यांचे सत्कार झाले, त्यांतील कितीजणांचे यश वर्गातील होते आणि कितीजणांचे परीक्षागृहातील ढिलाईचे, हा प्रश्न उरतोच. प्रामाणिकपणे शिकवून ६८ टक्के निकाल आणणाऱ्या मुख्याध्यापकाला त्या वर्षांत नोटीस मिळाली असेल, हार मिळाला नसेल. एकाच वर्षात तीन परीक्षा देण्याची जी सोय २०२४पासून झाली, ती मात्र स्वागतार्ह आहे. नापास झालेल्या मुलाला त्याच उन्हाळ्यात पुन्हा उभे राहता येते. दुसऱ्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याचा सत्कार करण्याचे अजून फारसे कोणाच्या मनात येत नाही, यावयास हवे.

शिक्षकांच्या गौरवाची गोष्ट आणखी नाजूक आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८पासून दिले जातात, आणि डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला. त्या दिवशी तालुक्यात व जिल्ह्यात आदर्श शिक्षकांची नावे पुकारली जातात. राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८पासून शिक्षकाने स्वतःच आपला अर्ज भरावयाचा असतो. वशिलेबाजीला त्यामुळे थोडा आळा बसला, हे खरे. परंतु स्वतःच्या कामाची छायाचित्रे व कागदपत्रे जमवून ‘मी उत्तम आहे’ असे लिहावयास सगळ्याच चांगल्या शिक्षकांची लेखणी धजत नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्याचे चार महिने ओढे ओलांडून शाळेत पोहोचणारा आणि दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणारा मास्तर असा अर्ज केव्हा भरणार?

बेळगावच्या भूमीत शिक्षकांनी केलेली कामे पाहिली की पुरस्कारांची यादी अपुरी वाटू लागते. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी सात तरुण शिक्षकांनी बेळगावात एक अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा उघडली. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आजची के.एल.ई., तिच्यातून उभी राहिली. त्या सातांना लोक सप्तर्षी म्हणतात. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी जो त्यागाचा धडा घातला, त्याच वळणाचे हे काम होते, आणि ते कन्नड भाषिकांनी केले म्हणून मराठी वाचकाने त्याचे मोल कमी मानण्याचे कारण नाही.

मराठीच्या बाजूने पाहावयाचे तर राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे काही काळ मराठी शिकवीत होते, हे बेळगावकर अजून अभिमानाने सांगतात. पण इंदिरा संतांचे उदाहरण ह्या विषयाला अधिक जवळचे आहे. पती नारायण संत १९४६ साली गेल्यानंतर लहान मुलांना सांभाळीत त्यांनी बेळगावात अध्यापन केले व शिक्षकांना घडविणाऱ्या विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ हे संग्रह त्याच नोकरीच्या वर्षांतले. १९८४ साली ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने कवयित्रीचा गौरव केला. त्यांच्या हाताखालून प्रशिक्षित होऊन बाहेर पडलेल्या शिक्षकांनी किती गावांत किती मुलांना पहिली अक्षरे गिरवायला लावली, त्याची नोंद कोणत्या पुरस्कारात बसणार? त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी ‘वनवास’ आणि नंतरच्या पुस्तकांत लंपन नावाचा शाळकरी मुलगा मराठीला दिला. त्याच्या बोलण्यात ह्या सीमाभागाचा कन्नडमिश्रित गोडवा आहे.

अभ्यासापलीकडचे गुण पाहण्यासाठी कर्नाटकात ‘प्रतिभा कारंजी’ ही स्पर्धा आहे. कारंजी म्हणजे कारंजे. कथाकथन, पाठांतर, मातीकाम, रांगोळी अशा प्रकारांत मुले शाळासमूहापासून तालुका, जिल्हा व राज्य अशा पायऱ्या चढत जातात. गणितात मागे पडणारा कुंभाराचा मुलगा इथे चिखलाचा बैल करून टाळ्या घेऊ शकतो.

आता निपाणीकडे वळावे. हे तंबाखूचे गाव. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथेच महामार्गावर ठाण मांडले आणि गोळीबारही झाला. वखारीत जर्दा चाळणाऱ्या आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर इथली कित्येक घरे चालत आली. विड्यांची मजुरी हजारावर मोजतात. दिवसभर पाने कातरून, जर्दा भरून, सूत गुंडाळून बोटे आखडतात, आणि शाळेतून आलेली मुलगी आईच्या सुपापाशी बसते. अशा मुलीचे दहावीपर्यंत टिकणे हीच तिची पहिली श्रेणी.

निपाणीच्या वेशीला लागून अर्जुननगर आहे. तिथले देवचंद महाविद्यालय १९६० साली सुरू झाले. गाव निपाणीला खेटून, पण तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, आणि विद्यापीठ शिवाजी. कर्नाटकाची दहावी झालेली निपाणीची मुले पायी राज्य ओलांडून महाराष्ट्रातल्या वर्गात जाऊन बसतात. सीमावाद न्यायालयात तुंबून राहिला. मुलांनी आपला मार्ग काढला.

ह्या मुलांसाठी पैशाची मदत नाही असे नव्हे. विडी कामगारांच्या मुलांसाठी कल्याणनिधीतून शिष्यवृत्त्या आहेत. त्या निधीचा कायदा १९७६चा. त्याशिवाय केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा द्यावयाची, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे, आणि उत्तीर्ण झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी अशा एक लाख शिष्यवृत्त्या ठरलेल्या आहेत. परंतु त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेत खाते लागते, नावातील अक्षर आधारपत्राशी जुळावे लागते, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मराठी नाव कन्नडातून इंग्रजीत जाताना एखादा ‘ळ’ कुठेतरी ‘ल’ होतो आणि अर्ज परत येतो. विड्या वळणाऱ्या आईला हे निस्तरता येत नाही. ते काम कोणी शिक्षक करतो. शाळा सुटल्यावर दहा-बारा मुलांची कागदपत्रे पिशवीत घालून तो तहसीलदार कचेरीच्या रांगेत उभा असतो, आणि त्याच्या शाळेच्या निकालपत्रकात ह्या रांगेसाठी रकाना नाही.