मल्हाररावांचा खटला संगणकावर : निवड वाचकाची, निकाल सरकारचा

मी पेशाने इंजिनीअर. पंचवीस वर्षं कारखान्यात पंप आणि व्हॉल्व यांच्याशी संसार केला, इतिहास आपला आपण वाचत शिकलो. त्यामुळे मंडळाच्या बैठकीत मी निबंधाऐवजी लॅपटॉप उघडून एक खेळ दाखवला, तेव्हा काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'आता इतिहासाचाही खेळ का?' असं एकांनी विचारलंच. त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे वाचायचं नाटक. पडद्यावर मागे स्थळाचं चित्र, पुढे पात्र, खाली त्याचं बोलणं. आपण क्लिक करत पुढे जातो आणि मधेमधे दोन-तीन पर्याय समोर येतात. जपानमध्ये हा प्रकार फार रुळलेला आहे. त्यात रोल-प्लेइंगची भर म्हणजे आपल्या पात्राचे गुण आकड्यांत मोजले जातात आणि आपल्या वागण्याप्रमाणे ते वाढतात किंवा घटतात. मी वापरलं ते इंजिन म्हणजे रेन्पाय. ते फुकट मिळतं, पायथन भाषेवर चालतं आणि २००४ पासून आहे. प्रत्येक प्रसंगाला एक नाव द्यायचं, संवाद लिहायचे, पर्यायांची यादी द्यायची आणि कुठल्या पर्यायावरून कुठल्या प्रसंगात उडी मारायची ते सांगायचं. अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरंही नीट उमटतात.

विषय आपल्या बडोद्याचाच घेतला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा अहवाल आला. जेमतेम आठवड्यापूर्वी मल्हाररावांनी व्हाइसरॉयकडे खलिता पाठवून फेअरना बदला अशी मागणी केली होती. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांचं कमिशन बसलं. एका बाजूला कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल. दुसऱ्या बाजूला ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील इंग्लंडहून आले.

आता इंजिनीअरची पहिली अडचण. दोन पर्याय दहा वेळा दिले आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाट ठेवली, तर शेवट होतात १०२४. एवढं कोण लिहिणार? म्हणून वाटा थोड्या फुटतात आणि पुन्हा एकत्र येतात. फरक उरतो तो आकड्यांत. माझ्या खेळातला वाचक दुभाषांच्या टेबलावरचा एक तरुण कारकून आहे. तो पूर्णपणे काल्पनिक. त्याचे गुण तीन : मोडी, इंग्रजी आणि धीटपणा. मोडी कच्ची असेल तर कागद हातात येतो, पण अर्धाच लागतो. धीटपणा कमी असेल तर उलटतपासणीच्या दिवशी तो मागच्या रांगेत बसतो आणि निम्मं ऐकूच येत नाही. कारकून नेमका असेल, पण खऱ्या माणसांच्या तोंडी मात्र कमिशनच्या छापील कामकाजात जे आहे त्याचाच सारांश घालायचा, असा नियम मी स्वतःला घातला.

नियम उशिरा घातला, हे कबूल करतो. आमचे पूर्वज खासगी कारभारात चाकरीला होते, आणि घरात मल्हाररावांना विषाचा दोष कुणी कधी दिला नाही. पहिल्या खर्ड्यात वीस गुण झाले की महाराज सुटत असत! मंडळातल्या एका जुन्या सदस्यांनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या कागदात आहे?" मी गप्प.

दुसरा टोला घरातूनच बसला. चित्रं माझ्या पुतणीने काढली. रेसिडेन्सीतला नोकर रावजी याचं चित्र मी तिच्याकडून मुद्दाम कपटी चेहऱ्याचं करून घेतलं होतं. तिने कामकाजाचा सारांश वाचला आणि म्हणाली, "काका, हा खोटा आहे हे तुम्ही आधीच का ठरवून टाकता? मग मी निवडायचं काय?" बरोबर होतं तिचं. रावजी आणि महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत या दोघांनी माफीच्या आश्वासनावर साक्ष दिली. बॅलंटाइन यांनी त्याच मुद्द्यावर बोट ठेवलं. पण माफी मिळाली म्हणून साक्ष खोटी ठरते असं नाही, आणि साक्ष दिली म्हणून ती खरीही ठरत नाही. आम्ही चेहरा बदलला. आता तो इतरांसारखाच दिसतो.

रेन्पायमध्ये वाचकाला मागे जाऊन निवड बदलता येते. मी ती सोय एकाच ठिकाणी बंद केली : कारकून साक्षीचं भाषांतर लिहून देतो तिथे. लिहून दिलेला कागद परत मिळत नाही.

शेवटी वाचक आपलं मत नोंदवतो : सिद्ध, किंवा असिद्ध. मग इतिहास पुढे येतो. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, तिघा हिंदी सदस्यांनी मानला नाही. आणि एप्रिल १८७५ मध्ये सरकारने महाराजांना पदच्युत केलं ते विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभाराचं कारण देऊन. त्यांना मद्रासला नेलं. मे महिन्यात जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तेच आपले सयाजीराव.

"शेवट बदलत नाही, तर निवडायचं कशाला?" हा बैठकीतला दुसरा प्रश्न. माझं उत्तर असं, की शेवट त्या सहा जणांच्याही हातात नव्हता. तीन विरुद्ध तीन झालं तरी गादी गेलीच. हे पुस्तकात एका ओळीत वाचून होतं. दोन तास कागद वाचून मत ठरवलं आणि त्या मताला कुणी विचारलंच नाही, की ती ओळ समजते.

मतासोबत वाचकाने किती कागद पाहिले होते तेही पडद्यावर येतं. प्रश्न विचारणारे तेच ज्येष्ठ तीनदा खेळले, आणि तिन्ही वेळा कागद वेगळे मिळाल्याने त्यांचं मत बदललं. माझं म्हणाल तर घरी मी आता 'महाराज निर्दोष होते' असं म्हणत नाही, 'आरोप सिद्ध झाला नाही' म्हणतो. आत्याला ते अजून पटलेलं नाही.