स्मरणिकेचा कागद कुठून येतो, कुठे जातो?

गेल्या वेळी स्मरणिकेच्या छपाईचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू इंजिनियर आहेस ना, मग बघ!" एवढ्याच पात्रतेवर. मी सॉफ्टवेअरवाला. प्रिंटर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यात कागद अडकवून बसलेलं यंत्र, एवढीच माझी समज. पण प्रेसमध्ये एक दुपार काढली आणि बरंच काही कळलं.

ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाला ॲल्युमिनियमची एक प्लेट लागते. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, अशा चार. हे रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत सुरुवातीचे कितीतरी ताव रद्दीत जातात. प्रती शंभर असोत की हजार, ही नासाडी काही टळत नाही. मशीन पुसायला सॉल्व्हंट लागतं, त्याची वाफ हवेत जाते. वापरलेल्या प्लेटा मात्र वितळवून पुन्हा कामी येतात, आणि हल्ली सोयाबीनसारख्या वनस्पती तेलाच्या शायाही मिळतात.

पण खरा प्रश्न कागदाचा.

२०१३ साली मी इथे नवा होतो. २१ जूनला पीएसआय ४०१ वर गेला. खिडक्या बंद करूनही घरात जळका वास! २०१५ मध्ये तर २५ सप्टेंबरला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हा धूर सुमात्रा आणि कालिमंतानमधल्या पीट जमिनींचा. दलदलीत हजारो वर्षं पालापाचोळा साठून ही जमीन बनते. पाणी काढून ती कोरडी केली की सहज पेटते आणि आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. कशासाठी कोरडी करतात? पाम तेलासाठी, आणि कागदाच्या लगद्याला लागणाऱ्या अकेशियाच्या लागवडीसाठी.

सिंगापूरने २०१४ मध्ये कायदा केला : धूर करणारी कंपनी परदेशातली असली तरी दिवसाला १ लाख डॉलरपर्यंत दंड. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेअरप्राइसने एशिया पल्प अँड पेपरची उत्पादनं शेल्फवरून काढली. 'आग लावायची नाही हेच आमचं धोरण', असं कंपनीचं म्हणणं होतं.

आणि आम्ही? आम्ही प्रेसला दर विचारला, आर्ट पेपरची जाडी विचारली. कागद कुठला, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. वर 'कमी पडायला नको' म्हणून जास्त प्रती छापल्या. त्यांची दोन खोकी अजून माझ्या घरच्या बॉम्ब शेल्टरमध्ये आहेत! देणगीसाठी जमवलेल्या पैशातला तेवढा भाग त्या खोक्यांत पडून आहे, हे मला जास्त लागतं.

ती खोकी कचऱ्यात टाकली तर जळून राख होईल आणि ती राख बार्जमधून पुलाऊ सेमाकाऊला जाईल. १९९९ पासून सुरू असलेलं ते आपलं एकमेव लँडफिल २०३५ च्या सुमारास भरेल असा अंदाज आहे.

म्हणून यंदा समितीने तीन गोष्टी ठरवल्या. आधी नावं नोंदवून तेवढ्याच प्रती, बाकीच्यांना पीडीएफ. मुखपृष्ठाला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन नाही, कारण त्याने कागद रिसायकल करणं कठीण होतं. आणि कागद एफएससी प्रमाणित; त्यासाठी नुसता कागद नाही, प्रेसकडेही प्रमाणपत्र असावं लागतं. असा कागद थोडा महाग पडू शकतो, पण प्रती कमी केल्या की हिशेब जुळतो.

पूर्ण पीडीएफच का नाही? आजी-आजोबांना हातात प्रत हवी असते, आणि जाहिरातदारांनाही. ते मला पटतं. छापूच नये असं नाही, मोजून छापावं.

तेव्हा मित्रहो, वाचून झाल्यावर ही प्रत शेजाऱ्यांना द्या. कुणीच नसेल तर कोरडी, स्वच्छ असताना निळ्या डब्यात टाका. फक्त सामोशाखाली पसरू नका. तेलकट कागद रिसायकल होत नाही!