घर खाली करण्याच्या नोटिशीची भाषा

जालना शहरात मनुष्य घर 'किरायाने' घेतो. पुण्याचा मनुष्य तेच घर 'भाड्याने' घेतो. हा भेद केवळ बोलीचा नव्हे. जालना हा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानाचा व त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. तेथील कचेऱ्यांतून उर्दूचा व्यवहार चालत असे, आणि किरायेदार, किरायानामा, बेदखली, तामील हे शब्द त्या व्यवहारातूनच लोकांच्या तोंडी रुळले. घरभाड्याचा कायदाही निराळाच होता. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण अधिनियम येथे लागू नव्हता; १९५४ चा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण अधिनियम होता, आणि त्याखालील अर्ज नियंत्रकापुढे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'कंट्रोलर'पुढे, चालत. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला तरी हा कायदा चालूच राहिला. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला, तेव्हा तो रद्द झाला.

दरम्यान कचेरीची भाषा बदलली होती. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहार मराठीत आला आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषेने जुन्या शब्दांची जागा घेतली. बेदखलीचे 'निष्कासन' झाले, परवान्याची 'अनुज्ञप्ति' झाली, कब्जेदाराचा 'भोगवटादार' झाला. परिभाषा घडविणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता आणि त्यांचे काम मोठे होते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि परिणाम असा झाला की, ज्याच्या दारावर नोटीस डकविली जाते त्याला ती स्वतःच्याच भाषेत असूनही दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागते. वाचणारा बहुधा एका वाक्यात सांगून मोकळा होतो : "घर खाली करायला सांगितलंय." हे एक वाक्य पुष्कळदा खोटे असते. ते कसे, हे पाहण्यासाठी अशा नोटिशींच्या प्रचलित साच्यावरून पुढील वाक्य नमुन्यादाखल कल्पिले आहे :

"ज्याअर्थी आपण उपरोक्त सदनिकेचा अनधिकृत भोगवटा करीत असल्याचे निदर्शनास आले आहे, त्याअर्थी आपणास याद्वारे कळविण्यात येते की, सदर सदनिकेतून आपले निष्कासन का करण्यात येऊ नये याबाबतचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत सादर करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

या वाक्यातील मुख्य क्रियापद 'सादर करावा' हे होय, आणि त्याचे कर्म 'खुलासा' हे. म्हणजे वाचकाकडून मागितले आहे ते उत्तर, घर नव्हे. परंतु 'निष्कासन का करण्यात येऊ नये' हे प्रश्नार्थक उपवाक्य पोटात आल्यामुळे कानावर आधी पडतो तो 'निष्कासन' हा शब्द, आणि प्रश्नाचे प्रश्नपण हरवते. त्यातच मराठीच्या स्वाभाविक क्रमाप्रमाणे क्रियापद शेवटी येते. तोवर ऐकणाऱ्याने अर्थ पक्का केलेला असतो. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. 'अनधिकृत भोगवटा करीत असल्याचे निदर्शनास आले आहे' या रचनेत जी गोष्ट अद्याप सिद्ध व्हायची आहे ती सिद्धवत् धरली जाते. 'निदर्शनास येणे' हे 'दिसणे'च्या कुळातले क्रियापद आहे. जे दिसले ते आहेच, असा त्याचा ध्वनी. 'करीत असल्याचा आरोप आहे' असे लिहिले असते तर वाचकाच्या मनात उत्तराला जागा उरली असती.

'बजावणे' या धातूचाही येथे विचार करावयास हवा. कचेरीच्या भाषेत नोटीस 'बजावणे' म्हणजे ती संबंधिताच्या हाती रीतसर पोचविणे. घरच्या भाषेत 'बजावणे' म्हणजे निक्षून ताकीद देणे. 'नोटीस बजावली' हे ऐकताच ताकीद मिळाली, निकाल लागला, असा समज होतो. जुना 'तामील' हा शब्द या दृष्टीने पुष्कळच निरुपद्रवी होता.

'करण्यात येईल' या रूपाने झालेला घोटाळा याहून मोठा आहे. कायद्याच्या मराठीत 'करील' हे रूप कर्तव्य दाखविते आणि 'करता येईल' हे रूप अधिकार दाखविते. सामान्य वाचकाला मात्र दोन्हींत एकच भविष्यकाळ ऐकू येतो : घडणार, हे घडणार. एकाच वाक्यातील अधिकार आणि कर्तव्य यांचा हा भेद किती दूर पोचतो, याचे उदाहरण ओल्गा टेलिस प्रकरणात सापडते. मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांना हुसकावून लावण्याचा निर्णय १९८१ मध्ये झाला, आणि त्याविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३१४ व्या कलमाप्रमाणे आयुक्तांना पदपथावरील अतिक्रमण सूचना न देता काढता येते. न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले नाही; परंतु ते मुभा देणारे आहे, हुकूम करणारे नाही, असा त्याचा अर्थ लावला. सूचना न देता काढता येईल, याचा अर्थ सूचना देऊच नये असा होत नाही. एरव्ही सूचना द्यावी आणि म्हणणे ऐकावे, हाच नियम. रहिवाशांची वस्ती त्याने कायमची वाचली असे नाही. तरीही एका क्रियारूपाच्या अर्थावर म्हणणे मांडण्याचा हक्क उभा राहिला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरण्यासारखी नाही.

आता नोटिशीच्या माथ्यावरील शब्दांकडे वळू. नोटीस ज्याला आली त्याला तीत काय म्हटले आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. खाजगी मालकाच्या घरातला 'भाडेकरू' १९९९ च्या अधिनियमाच्या छत्राखाली असतो. भाडे थकल्यास मालकाला प्रथम लेखी मागणी करावी लागते आणि तीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणासाठी दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी द.सा.द.शे. १५ सरळ व्याजासह न्यायालयात भरली व पुढेही दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे भरीत राहिला, तर त्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. मागणीच्या नोटिशीत मात्र '९० दिवसांच्या आत' एवढेच शब्द डोळ्यांत भरतात, आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी सामान बाहेर पडणार अशी समजूत होते. वस्तुतः ती मुदत मालकाच्या हातावरील बंधन आहे. एक्क्याण्णवाव्या दिवशी मालकाला मिळतो तो केवळ दावा लावण्याचा अधिकार.

शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या घरांना हा अधिनियम लागू नाही, आणि नेमके हेच त्यांत राहणाऱ्यांना ठाऊक नसते. गृहनिर्माण मंडळाच्या गाळ्यास १९७६ चा महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम लागतो. त्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे दोन महिन्यांहून अधिक काळ भाडे थकणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, अटींचा भंग करणे ही निष्कासनाची कारणे होत. निर्णय सक्षम प्राधिकारी करतो, परंतु त्यापूर्वी कारणे लेखी कळविणे आणि खुलाशाची वाजवी संधी देणे त्याला भाग आहे. ('पोटभाडेकरू' हा शब्द पोटजात, पोटकलम यांच्या चालीवर घडलेला आणि अर्थाने आरशासारखा स्वच्छ आहे, परिभाषेतील सगळेच शब्द असे असते तर प्रस्तुत लेखाचे कारण उरले नसते.) राज्य शासनाच्या जागांस १९५५ चा शासकीय जागा (निष्कासन) अधिनियम, जालना स्थानकाजवळच्या रेल्वे वसाहतीसारख्या केंद्राच्या जागांस १९७१ चा केंद्रीय अधिनियम, आणि सरकारी जमिनीवरील झोपडीस १९६६ ची जमीन महसूल संहिता, अशी ही वाटणी आहे. म्हणून नोटीस हाती येताच प्रथम पाहावयाचे ते अधिनियमाचे नाव व कलमाचा अंक. तोच या कागदाचा खरा मथळा.

यांतील एकाही कागदात राहणाऱ्याला सरळ 'भाडेकरू' म्हटलेले क्वचितच आढळते. कोठे तो गाळेधारक असतो, कोठे अनुज्ञप्तिधारक, कोठे अनधिकृत भोगवटादार, आणि घरकुल योजनेत 'लाभार्थी'. शेवटच्या शब्दाचा विपर्यास विशेष आहे. स्वतःच्या जागेवर अनुदानातून घर बांधणारा मनुष्य त्या घराचा मालक असतो. परंतु 'लाभार्थी' हे नाव त्याला कृपेचा याचक करून ठेवते, आणि याचक दिलेले परत मागितले गेल्यास प्रश्न विचारीत नाही. नावाने वस्तुस्थिती बदलत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात मांडले आहे : करारास अनुज्ञप्ति म्हटले तरी त्याचा आशय पट्ट्याचा असू शकतो, आणि पाहावयाचा तो आशय. मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या २४ व्या कलमाने राहण्यासाठीच्या लेखी अनुज्ञप्ति-करारातील मजकुरास निर्णायक पुराव्याचे बळ दिल्यापासून, खाजगी घरांपुरते तरी, सही करण्यापूर्वीच नाव वाचणे शहाणपणाचे ठरते.

बांधकाम पाडण्याची नोटीस ही आणखी निराळी. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निदेशांप्रमाणे ती नोंदणीकृत टपालाने पाठवून शिवाय बांधकामावर डकवावी लागते, आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामे यांतून वगळली आहेत, तसेच जेथे न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला आहे ती प्रकरणेही.

खुलाशानंतर, किंवा तो न आल्यास त्यावाचून, दुसरा कागद येतो, आणि त्यावर 'आदेश' हा शब्द असतो. कागद तोच, शिक्का तोच, भाषेचे वळणही तेच. म्हणून तोही 'नोटीस'च म्हणून घरात ठेवला जातो. पहिल्या कागदालाच आदेश समजून घर सोडणारे असतात, तसे पहिला कागद नुसती नोटीस निघाला म्हणून दुसराही तसाच मानणारे असतात. या दुसऱ्यांचे नुकसान लवकर होते. १९७१ च्या अधिनियमाखालील निष्कासनाच्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करण्याची मुदत अवघी १२ दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास तीनंतरही अपील दाखल करून घेता येते. परंतु येथेही क्रियापद 'येते' हेच आहे.