विश्लेषण : खूण केलेला बेडूक पूर्वीसारखाच वागतो का? गणनेच्या अचूकतेशी त्याचा संबंध काय?

पावसाळा सुरू झाला की भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कसारख्या खाडीकाठच्या वस्तीतही साचलेल्या पाण्यातून ‘डरांव डरांव’ ऐकू येते. पूर्वी बेडूक जास्त होते, असेही हमखास म्हटले जाते. ते खरे की खोटे हे ठरवायचे, तर बेडूक मोजावे लागतात. जगातील ८ हजारांहून अधिक उभयचर प्रजातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात असल्याचे २०२३ मधील जागतिक मूल्यांकनात आढळले. त्यामुळे ही मोजणी महत्त्वाची ठरते. मात्र, मोजणीसाठी केलेल्या खुणेचाच बेडकाला त्रास होत असेल तर?

बेडूक मोजतात कसे?

सगळे बेडूक पकडणे अशक्य असते. म्हणून काही बेडूक पकडून, खूण करून सोडतात आणि काही दिवसांनी पुन्हा पकडतात. समजा, तळ्यातील ५० बेडकांना खूण केली. दुसऱ्या वेळी पकडलेल्या ४० पैकी १० खुणेचे निघाले, तर तळ्यात सुमारे २०० बेडूक असावेत, असे गणित मांडले जाते. खुणेचा आणि बिनखुणेचा बेडूक सारखाच जगतो, सारखाच सापडतो, असे यात गृहीत धरलेले असते. खुणेमुळे काही बेडूक मेले किंवा दडून बसले आणि १० ऐवजी ५च सापडले, तर उत्तर ४०० येते. बेडूक घटत असताना कागदावर ते दुप्पट दिसतात.

खूण कशी करतात?

बोटाचे टोक कापणे ही जुनी आणि स्वस्त पद्धत. त्वचेखाली रंगीत द्रव टोचणे ही दुसरी. पाळीव कुत्र्यांना बसवतात तशी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप ही तिसरी. बेडकांची बोटे केवळ शोभेची नसतात. झाडावरचे बेडूक बोटांच्या गादीने चिकटून चढतात. अनेक प्रजातींचे नर मादीला पकडताना पुढच्या पायाच्या आतल्या बोटाचा आधार घेतात.

वर्तन का तपासायचे?

बेडूक मेला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असे होत नाही. म्हणून तो किती लांब उडी मारतो, भक्ष्यावर झडप घालतो का, लपण्याच्या जागेतून किती वेळाने बाहेर येतो, नर पूर्वीसारखे ओरडतात का, हे पाहिले जाते. तुलनेसाठी तेवढाच वेळ हातात धरलेले, पण खूण न केलेले बेडूकही लागतात. नाहीतर त्रास खुणेचा की पकडण्याचा, हे कळत नाही.

निष्कर्ष काय सांगतात?

मॅकार्थी आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये जुन्या आकडेवारीचा पुन्हा अभ्यास केला. पहिल्या बोटानंतर कापलेल्या प्रत्येक बोटामागे बेडूक पुन्हा सापडण्याची शक्यता ४ ते ११ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. केन टोड या भेकाच्या मूत्रातील संप्रेरके तपासणाऱ्या २०११ मधील अभ्यासानेही बोट कापणे ताण देणारे असल्याचे दाखवले. काही अभ्यासांत मात्र एक-दोन बोटांच्या खुणेचा फारसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे एका प्रजातीचा निष्कर्ष दुसरीला सरसकट लावता येत नाही.

पर्याय आहे का?

नैसर्गिक नक्षीचे छायाचित्र हा एक पर्याय आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये हिमालयातील झऱ्यांत राहणारा ‘अमोलॉप्स फॉर्मोसस’ हा बेडूक पाठीवरच्या ठिपक्यांवरून ओळखण्याची पद्धत मांडली. सिंधुदुर्गातील आंबोलीच्या अतिसंकटग्रस्त भेकाच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात. अशा दुर्मीळ प्रजातींचा विचार करताना हा मार्ग आधी तपासण्याजोगा आहे. नक्षी ठळक नसेल किंवा वाढीबरोबर बदलत असेल, तर मात्र तो उपयोगी पडत नाही.

सामान्य नागरिकांनी बेडूक पकडण्याची गरजच नाही. दर पावसाळ्यात त्याच जागी, त्याच वेळी ऐकू आलेल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करून तारखेसह जपून ठेवले, तरी त्या जागेवर कोणत्या प्रजाती टिकून आहेत, याची नोंद तयार होते.