मनातलं वहीत उतरवा

डोकं सारखं दुखतं, छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. परिचारिका म्हणून काम करताना अशा कितीतरी बायका मी पाहिल्या. आता वस्त्यांमध्ये काम करते, तिथेही याच तक्रारी ऐकते. थोडं जवळ बसून विचारलं की कळतं, कुणाचं लेकरू गेलेलं असतं, कुणी नवऱ्याचा मार खाल्लेला असतो, कुणाचा शाळेत भर वर्गात जातीवरून अपमान झालेला असतो. वर्षं लोटली, पण ते कुणापाशी बोललेलं नसतं.

अशा दुःखावर एक साधा उपाय आहे: ते लिहून काढणं. हा नुसता मनाच्या समाधानाचा सल्ला नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं होतं. काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं, काहींनी किरकोळ विषयांवर. घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. 1999 मध्ये दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर असाच अभ्यास झाला. त्यांनी 3 दिवस, रोज 20 मिनिटं लिहिलं. 4 महिन्यांनी तपासलं तेव्हा अशा रुग्णांमध्ये सुधारणा झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. नंतर असे शेकडो अभ्यास झाले. सगळ्यांना फायदा होतो असं नाही, आणि सरासरी फायदाही थोडाच दिसतो. पण वही-पेनाच्या खर्चात तो मिळत असेल तर सोडू नये.

असं का होतं? मनात दाबलेली गोष्ट तुकड्यातुकड्यांनी वर येत राहते आणि ती दाबून ठेवण्यात आपली ताकद जाते. लिहायला बसलं की आधी काय झालं, मग काय झालं, हा क्रम लावावा लागतो. पेनबेकर यांना असं दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता समजलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. म्हणून तेच गाऱ्हाणं रोज तसंच उगाळू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःला विचारा: हे असं का घडलं? यात खरंच माझा दोष होता का? वर्षानुवर्षं स्वतःला दोष देणाऱ्या बाईला हा प्रश्न कागदावर पहिल्यांदाच भेटतो.

कसं लिहायचं?

सलग 3-4 दिवस, रोज 15 ते 20 मिनिटं लिहा. शुद्धलेखन, अक्षर, प्रमाण भाषा यांची फिकीर नको. घरात बोलता तसंच लिहा. फार त्रास व्हायला लागला तर थांबा, विषय बदला. लिहून झाल्यावर थोडा वेळ रडू येणं, उदास वाटणं स्वाभाविक आहे, ते सहसा लवकर ओसरतं. घटना अगदी ताजी असेल तर काही आठवडे जाऊ द्या. लिहिता येत नसेल तर एकटीने मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा.

एका खोलीच्या घरात वही लपवायची कुठे, हा प्रश्न बायका हमखास विचारतात. बेबीताई कांबळे यांच्यापुढेही तोच प्रश्न होता. फलटणच्या आपल्या किराणा दुकानात बसून त्या लिहीत आणि घरच्यांपासून ते जवळपास 20 वर्षं लपवून ठेवत. त्यातूनच ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. स्वतःला सोसावा लागलेला मार मात्र त्यांनी पुस्तकात फारसा मांडला नाही, त्याविषयी पुढे मुलाखतीत त्या बोलल्या. कोणतं दुःख केव्हा आणि कुणापुढे ठेवायचं, हे लिहिणारीनेच ठरवायचं असतं. तुमची वही पुस्तकासाठी नाही. ती कुणाच्या हाती लागली तर धोका असेल, तर लिहून झाल्यावर कागद फाडून टाका. उपयोग लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही.

हे लक्षात ठेवा

लिहिणं म्हणजे औषध बंद करणं नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवा. झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर वहीवर विसंबू नका. 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

आणि लिहिणं म्हणजे निमूट सोसणंही नव्हे. घरात मारहाण होत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा आपल्या बाजूने आहे. अशा वेळी तारीख, वार, काय झालं, कुणी पाहिलं याची वेगळी नोंद ठेवा आणि विश्वासातल्या मैत्रिणीकडे ती सांभाळायला द्या. तो कागद मात्र फाडू नका, तक्रार करताना कामाला येतो.

घरात पोरांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं असतातच. आज रात्री भांडी आवरल्यावर त्यातलं एक घ्या आणि 15 मिनिटं बसा.