गिधाडे गेली, त्यांचे काम कोणाच्या माथी आले?

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या वाचकांना गावाकडची एक जागा आठवत असेल. वस्तीपासून दूर, ओढ्याच्या पलीकडे, मेलेली ढोरे टाकण्याची जागा. बैल पडला की थोड्याच वेळात आभाळात घिरट्या सुरू होत. आधी एक, मग दहा, मग झाडाच्या फांद्या वाकतील इतकी गिधाडे. आम्हा मुलांना भीती वाटे आणि किळसही येई. संध्याकाळी पाहावे तर नुसता सांगाडा उरलेला, आणि वास जवळजवळ नाहीच. आज आमच्या मुलांनी गिधाड पाहिले आहे ते फक्त टी.व्ही.वर.

सावकाराला, भ्रष्ट पुढाऱ्याला आपण सर्रास गिधाड म्हणतो. हा त्या पाखरावर अन्याय आहे. गिधाड सहसा जिवंत जनावराच्या वाटेला जात नाही. शिकार करण्याजोगी पकड त्याच्या पायांत नसते. मेलेले जनावर हेच त्याचे अन्न. त्याच्या जठरातले आम्ल इतके जहाल असते की काळपुळीसारख्या रोगाचे जंतूही त्यात बहुधा टिकत नाहीत. सडके मांस पाण्यात जाणार, माश्या बसणार, रोग पसरणार, त्याआधीच हा थवा ते संपवून टाकत असे. या सफाईसाठी ना कोणाला पगार द्यावा लागे, ना सरकारला योजना काढावी लागे.

आपल्या समाजाचा आणि या कामाचा संबंध वेगळा सांगायला नको. मेलेली ढोरे ओढणे हे आपल्या वाडवडिलांवर जन्माने लादलेले काम होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. पुढे गावोगावी आपल्या माणसांनी ढोरे ओढायलाही नकार दिला. त्यापायी बहिष्कार सोसले, मारही खाल्ला, पण ते काम पुन्हा हातात घेतले नाही. आपण नको म्हटले ते गिधाडाला हवे होते, आणि त्याला ते करताना कोणी नीच ठरवून पाणवठ्यावरून हाकलणार नव्हते.

मग गिधाडे गेली कुठे? काही जण म्हणतात, त्यांना खायला मिळेना म्हणून ती गेली. आम्हाला हे पटत नाही. खायला नसते तर गावोगावी मेलेली जनावरे सडत कशी पडली असती? खरे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. डायक्लोफिनॅक हे दुखणे आणि सूज कमी करणारे औषध १९९० नंतरच्या दशकात स्वस्त झाले आणि गुराढोरांना सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. असे विषारी जनावर शंभरात एखादे असले तरी पुरते, कारण एका जनावरावर अख्खा थवा बसतो. पांढऱ्या पाठीची गिधाडे एके काळी भारतात लाखोंनी होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत त्यांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एकच उरले.

पारशी समाजाची फार जुनी रीत यामुळे अडचणीत आली. मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. पण खरा फटका बसला तो गरिबाला. साफ झालेली हाडे वेचून विकणाऱ्यांचा रोजगार गेला. गिधाडांच्या जागी भटकी कुत्री आली. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याने सुमारे ४७ हजार जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. २०२४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली. सडक्या जनावरांनी दूषित झालेले पाणी हेही त्याचे एक कारण ते देतात. ओढ्याचे आणि नदीचे पाणी कोण पितो, हे आम्ही सांगायला हवे काय?

आणि ढोर उचलायला शेवटी कोणाला बोलावतात? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर सुरेंद्रनगरला आपल्या बांधवांनी मेलेली जनावरे नेऊन सरकारी कचेरीसमोर टाकली, यापुढे तुमचे तुम्ही पाहा म्हणून. मग काही दिवस ढोरे जागच्या जागी सडत पडली. गिधाडे असती तर?

आता थोडी बरी बातमी. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या चोरून गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली त्या बाटल्याही बंद झाल्या. एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवर २०२३ साली बंदी आली. हरयाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथून जानेवारी २०२४ मध्ये २० गिधाडे महाराष्ट्रात आणली, दहा पेंचला आणि दहा ताडोबाला. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात गिधाडांची घरटी टिकून आहेत. गावकऱ्यांनी त्यांची राखण केली आहे. महाडही याच जिल्ह्यात, त्याचेच जुने नाव कुलाबा.

ज्यांच्या घरी म्हैस, गाय किंवा शेळ्या आहेत त्यांनी डॉक्टरकडे मेलोक्सिकॅम मागावे. ते जनावरालाही चालते आणि गिधाडालाही बाधत नाही. घरातली माणसांची गोळी किंवा इंजेक्शन जनावराला देऊ नये. आणि भगिनींनो, मुलाला कुत्रा चावला तर हळद-चुना लावत बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

गिधाडांचे कुटुंब सावकाश वाढते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. यंदा चिरगावच्या झाडावर जन्मलेले पिल्लू स्वतःचे घरटे बांधेल तोवर आपली पहिलीतली मुले पाचवी-सहावीत गेलेली असतील.