हुरड्याच्या मेळाव्यांत नवागतानें काय करून दाखवावें ?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं यंदा कोणी ना कोणी नवीन नोकरीस लागलें असेल. पुतण्या बँकेंत रुजू झाला असेल, भाची संगणकाच्या कचेरींत जाऊं लागली असेल, धाकटी सून एखाद्या कारखान्याच्या हिशेबखात्यांत बसत असेल. पगार किती, साहेब कसा, डबा कोठें बसून खातेस, ही चौकशी घरांतील वडील मंडळी मोठ्या अगत्यानें करतात. परंतु एका परीक्षेची तयारी कोणीच करून घेत नाहीं. कचेरीच्या पहिल्या स्नेहमेळाव्यांत "आतां नव्या मंडळींनीं कांहीं तरी गंमत करून दाखवावी" असा हुकूम सुटतो, ती ही परीक्षा होय.

सोलापुराकडे हा हुकूम पुष्कळदां शेतांतच सुटतो. पौष-माघांत ज्वारीचीं कणसें हुरड्यास आलीं म्हणजे कचेऱ्यांतील मंडळी रविवार गांठून एखाद्या मळ्यांत जातात. आगटींतील गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणसें भाजलीं जातात, गरम हुरडा चोळून पुढें येतो, आणि त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ व दही असतें. खाणें आटोपलें कीं सर्वजण घोंगड्यांवर गोल करून बसतात आणि नवागताकडे सर्वांचे डोळे वळतात. सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हांपासून हें शहर बाहेरच्या माणसांस सामावून घेत आलें आहे. त्या जुन्या मोठ्या गिरण्या आतां बंद पडल्या. पण मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारीं माणसें एकाच कचेरींत शेजारी बसावीं, ही येथील रीत टिकून आहे. अशा ठिकाणीं नव्या माणसास नक्कल किंवा विनोदी भाषण करावयास सांगितलें, तर त्याची जीभ अडखळते यांत नवल नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका मेळाव्यास आम्ही पाहुणे म्हणून गेलों होतों. कचेरीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें नुकताच लागलेला एक मितभाषी, परगांवचा तरुण होता. त्याला एक चिठ्ठी उचलावयास लावली. "कोंबड्यासारखें आरवत साहेबांस प्रदक्षिणा घाला" असें तींत लिहिलें होतें. बिचाऱ्यानें तें केलें. मंडळी पोट धरून हंसली, आम्हीही हंसलों. परततांना तो गाडीच्या शेवटच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुढें सहा महिन्यांनीं त्याच्या चुलत्यांची गांठ पडली, तेव्हां कळलें कीं कचेरींत त्यास "कोंबडेराव" हेंच नांव पडलें होतें, आणि कंटाळून त्यानें दुसरीकडे अर्ज केला होता. आमच्या घटकाभराच्या हंसण्याची किंमत कोणी भरली, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

ही खोड केवळ आपल्याच लोकांची आहे असें नाहीं. विषुववृत्त प्रथमच ओलांडणाऱ्या प्रवाशाची जहाजावर टवाळी करण्याची दर्यावर्दी लोकांत जुनी चाल आहे. १८३२ सालीं बीगल जहाजावर तरुण चार्ल्स डार्विनच्या तोंडास डांबर व रंग फांसून, लोखंडी पट्टीनें तें खरवडून, त्यास पाण्यांत लोटून दिलें होतें. आपल्याकडे विद्यालयांतून असले प्रकार इतके वाढले कीं महाराष्ट्र सरकारास १९९९ सालीं त्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो कायदा शिक्षणसंस्थांपुरता आहे. हुरड्याच्या घोंगडीवर मात्र माणसाच्या समंजसपणावरच भिस्त ठेवावी लागते.

मग गंमत करूंच नये काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या घरांत नवी सून येते तेव्हां काय होतें तें आठवावें. "नांव घे" म्हणून सारें घर तिच्या मागें लागतें. पण तिची एखादी नणंद हळूच कानाशीं लागून उखाणा सांगते. अंगठी शोधण्याच्या खेळांत तर नवऱ्या मुलास सर्वांदेखत हरविण्याची संधीच तिला मिळते. थट्टा होते, घर हंसतें, आणि तिचा संकोच अर्धा उतरतो. कारण खेळाची किल्ली तिच्या हातीं दिलेली असते. कचेरींतही हेंच करावें. नव्या माणसानें अशी गंमत करावी कीं जिचें गुपित त्यालाच ठाऊक आहे, आणि जुनी मंडळी चकित होऊन त्याच्याकडे पाहत आहेत. अशा चार गमती येथें देतों.

पहिली शेंगदाण्यांची. नवागतानें अगोदर २५ दाणे मोजून मुठींत ठेवावे. मग साहेबांस म्हणावें, "२० पेक्षां कमी दाणे आपण गुपचूप उचला, मला आंकडा सांगूं नका." नंतर गंभीर चेहऱ्यानें जाहीर करावें, "आपणांजवळ आहेत तितके माझ्याजवळ आहेत, शिवाय ३ जास्त आहेत, आणि जे उरतील त्यांनीं आपले २२ पुरे होतील." समजा, साहेबांनीं १४ उचलले. नवागतानें आपल्यांतले १४ मोजावे, वर ३ काढावे, ८ उरतात. १४ आणि ८ मिळून २२ ! वास्तविक २५ म्हणजे ३ आणि २२ एवढेंच त्यानें फिरवून सांगितलेलें असतें. पण ऐकणारास तो मनकवडा भासतो. पुन्हां आग्रह झाल्यास आंकडे बदलावे.

दुसरी गंमत पंचाची. पंचा पिळून त्याचीं दोन टोकें दोन हातांत धरावयाचीं आणि एकही टोक न सोडतां गांठ मारावयाची. सोलापुरी टॉवेल जाड असल्यामुळें येथें पंचा किंवा उपरणेंच बरें. जुनी मंडळी एकामागून एक प्रयत्न करून थकतील. मग नवागतानें पंचा समोर ठेवून प्रथम छातीशीं हातांची घडी घालावी, त्याच स्थितींत वांकून एकेका हातानें एकेक टोक धरावें आणि घडी सोडवावी. हातांची गांठ पंचांत उतरते. यास एक शब्दही बोलावा लागत नाहीं, म्हणून भाषा न येणाऱ्यास ही फार सोयीची.

तिसरींत एक जुना सोबती लागतो. नवागत दूर झाडाखालीं जातो. मंडळी एक वस्तु मनांत धरतात, समजा गुळाचा खडा. तो परत आल्यावर सोबती एकेका वस्तूकडे बोट दाखवून "ही काय ?" असें विचारतो, आणि नवागत बरोबर गुळाच्या खड्याशींच "हो" म्हणतो. दोघांचें ठरलेलें असतें तें इतकेंच कीं, काळ्या वस्तूनंतर जी वस्तु येईल तीच खरी. सोबत्यानें आधीं काळ्या तव्याकडे बोट दाखविलेलें असतें. जुन्यापैकीं एकजण आपल्या गुपितांत भागीदार आहे, हा धीर नव्या माणसास पुढें कित्येक महिने पुरतो.

चौथी गंमत आपल्याच एका मराठी शिक्षकाची देणगी आहे. देवळालीच्या शाळेंत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना संख्यांशीं खेळण्याचा विलक्षण नाद होता. १९४९ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, चारही आंकडे सारखे नसलेली कोणतीही चार आंकडी संख्या घ्यावी, तिचे आंकडे उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि हेंच पुनःपुन्हां करावें, म्हणजे फार तर ७ वजाबाक्यांत ६१७४ हा आंकडा येतोच. १९४७ घेऊं : ९७४१ उणे १४७९ म्हणजे ८२६२, पुढें ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटीं ६१७४. मध्यें शून्य आलें तर तें गाळूं नये. ३०८७ ची मांडणी ८७३० उणे ०३७८ अशीच करावी. नवागतानें ६१७४ लिहिलेली चिठ्ठी आरंभींच सर्वांत वडील गृहस्थांच्या खिशांत ठेवावी आणि प्रत्येकास आपापलें जन्मवर्ष घेऊन वजाबाक्या करावयास सांगावें. वय उघड करण्याची गरज नाहीं. साहेबापासून शिपायापर्यंत सर्व एकाच आंकड्यावर येऊन थांबतात, आणि मग खिशांतील चिठ्ठी वाचली जाते.

कचेरीच्या चालकांस दोन शब्द. नव्या माणसास मेळाव्याची वर्दी आठ दिवस आधीं द्यावी. तो नको म्हणाला तर निखारे फुलविण्याचें किंवा हुरडा वाढण्याचें काम द्यावें. त्यांतही ओळखी होतात. कोणाची जात, बोली, रूप किंवा लग्न हे गमतीचे विषय नव्हेत. आणि एखादी गंमत साहेबांनीं स्वतः अंगावर घ्यावी. तेवढ्यानें बाकीच्यांचा अर्धा संकोच जातो.

घरच्या मंडळींस मात्र आमचें सांगणें निराळें. रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्याच्या किंवा सुनेच्या हातीं २५ शेंगदाणे द्या आणि आजोबांस समोर बसवा. आजोबा हटकून आंकडा विचारतील, आजी मुठींतले दोन दाणे खाऊन हिशेब चुकवील, मुलें गुपित फोडावयास धांवतील. इतक्या कसोटीस जो उतरला, त्यास मळ्यांतल्या घोंगडीचें भय उरणार नाहीं.